कापणीच्या दिवसांतलं बेअरिंग

भात पिवळं पडलं की आमच्या वाडीत कुणी हळू बोलत नाही. या शेतातून त्या शेताला हाका जातात, विळे चरचरतात, दुपारी मळणीयंत्र घरघरायला लागतं आणि ऊन कलल्यावर पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास सगळ्या खोऱ्यात भरून राहतो. यंदाही तो आला. शाळा सुटल्यावर मी पोलादपूरहून घरी येत होते. आंबेनळीच्या रस्त्यावरून आमच्या फाट्याला वळले, काच खाली केली, आणि पेंढ्याच्या वासाबरोबर मला ग्रीसचा वास आला. आजूबाजूला ग्रीस कुठेच नव्हतं. पण काही वर्षांपूर्वीच्या एका कापणीत हे दोन वास माझ्या डोक्यात असे मिसळले की आता एक आला की दुसरा आपोआप येतो. लोकांना कापणी म्हटलं की नवा तांदूळ आठवतो, तसं मला गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आठवतं.

अविनाश, माझे यजमान, मुंबईत नोकरीला. मी पोलादपूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. घरी मी आणि सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आईंची मूत्रपिंडं निकामी झाली आणि सोमवारी नि गुरुवारी महाडला डायलिसिस सुरू झालं. त्यासाठीच अविनाशनी एक जुनी, छोटी गाडी घेऊन अंगणात आणून लावली आणि मी चालवायला शिकले. अख्खा पावसाळा त्या गाडीनं आम्हाला नेलं-आणलं. रस्त्यावरून पाणी वाहत असायचं, खड्डा कुठे नि रस्ता कुठे ते कळायचं नाही, आणि शेजारी आई डोळे मिटून बसलेल्या असायच्या. त्या बाई आयुष्यभर शेतात राबलेल्या. आता मशीनवरून उठल्या की धुतलेल्या फडक्यासारख्या व्हायच्या.

आवाज सुरू झाला तो दसऱ्यानंतर. आधी त्यांनाच ऐकू आला.

"वैशाली, वरनं इमान चाललंय काय गो?"

आभाळ मोकळं होतं. मी गाडी हळू केली, विमान हळू झालं. वेग वाढवला की विमानही वेगात. दोन-तीन फेऱ्यांत ते इतकं जवळ आलं की बोलायचं तर आवाज चढवावा लागे. मग उजवीकडच्या वळणावर पायाखालचा पत्रा थरथरायला लागला.

महाडचे इक्बालभाई आमचे मिस्त्री. त्यांना फोन केला तर ते घरी बसून होते. माळ्यावरून पेंढा काढताना पडून त्यांचा उजवा हात मोडला होता, हात प्लास्टरमध्ये आणि गॅरेज बंद. त्यांनी मला फोनवरच जॅक लावायला सांगितला. चाक उचललं, वरून-खालून दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. खटक्, खटक्. तो आवाज फोनमधून त्यांच्यापर्यंत पोचला.

"मॅडम, बेअरिंग गेलं. पावसाचं पाणी शिरलं असणार. आता ही गाडी घाटरस्त्याला घालू नका. चाक जाम झालं तर काय होईल ते मी सांगायला नको."

महाडच्या दुसऱ्या दोघा मिस्त्रींना फोन केले. दोघांचंही उत्तर एकच: गाडी टोचन करून आणा. आमच्या वाडीचा उतार मला माहीत होता. दोरीला बांधून, ढिल्या चाकावर त्या वळणांवरून गाडी खाली न्यायची हिंमत ना मला होती, ना ओढणाऱ्या कुणाला.

त्या सोमवारी आम्ही जीपने गेलो. कापणीचे दिवस, जीप भरलेली, माणसांच्या मांडीवर माणसं. जाताना आईंनी निभावलं. येताना पोलादपूरच्या अलीकडे त्यांना घेरी आली. मी त्यांचं डोकं छातीशी धरून बसले. समोरच्या बाईने आपल्या पिशवीतून ओला रुमाल काढून दिला. फाट्यावर उतरलो तेव्हा आई रस्त्याच्या कडेला दगडावर टेकल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. शेवटी म्हणाल्या,

"झालं गो आता. गुरुवारी मी नाय यायची."

"जीपने नाही जायचं आई, काहीतरी दुसरं बघू."

"जीपचं नाय. आता पुरे. गाडी पण दमली, मी पण दमले. दोघींना अंगणात पडू दे."

रागाने बोलल्या असत्या तर मी समजूत काढली असती. पण त्या अगदी शांतपणे बोलल्या, जशा एखादं शेत यंदा लावायचं नाही असं ठरवून टाकतात तशा. डायलिसिस थांबवलं तर काय होतं ते आम्हा दोघींना डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. त्यांना ते नीट कळलं होतं, आणि तरी त्या तसं म्हणत होत्या.

घरी येऊन मी अंगणातल्या गाडीकडे बघत उभी राहिले. आईंच्या मनात काय तुटत होतं ते माझ्या हाताबाहेरचं होतं. पण हे एक चाक माझ्यासमोर होतं. ते उघडता येत होतं, बदलता येत होतं. दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. मी इक्बालभाईंना परत फोन केला आणि विचारलं, "घरी बेअरिंग बदलायचं तर काय काय हत्यारं लागतील?"

पलीकडून उलट प्रश्न आला. "कोण बदलणार?"

"मी."

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. म्हणाले, "मग आधी जॅकचा विचार डोक्यातून काढा. जॅक उचलायला असतो, धरायला नसतो. घोड्या पाहिजेत."

घोड्या म्हणजे गाडीखाली लावायचे लोखंडी स्टँड. त्या संध्याकाळी आमच्याकडे येणाऱ्या जीपच्या टपावरून इक्बालभाईंचं एक गोणपाटाचं बोचकं आलं. त्यात दोन घोड्या, लॉकची कडी काढायची बारीक तोंडाची पक्कड, बोटाएवढा जाड आणि टोकापासून टोकापर्यंत आटे पाडलेला एक रॉड, त्याच्यावर बसणाऱ्या लोखंडी चकत्या, आणि कापडात गुंडाळून वेगळा ठेवलेला टॉर्क पाना, जो ठरलेल्या जोराइतकं आवळलं की 'टक्' करून थांबायला सांगतो. सोबत दुकानातून आणवलेलं नवं बेअरिंग, खोक्यात. ते हातात घेतलं. तळव्यावर मावेल एवढं, थंड, जड, बोटाने फिरवलं तर तोंडातून अवाक्षर न काढणारं. याच्याच भावंडाने इतके दिवस विमानाचा आवाज काढला होता.

बाकीची हत्यारं वाडीने दिली. शेजारचे दत्ताभाऊ मळणीयंत्र चालवतात. ते दिवसभर या खळ्यावरून त्या खळ्यावर असायचे, पण त्यांनी पेटीतून मोठी गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखी चढवून फिरवायचं लोखंड, शोधून दिली. चाकाच्या मधल्या मोठ्या नटावर बसणारी गोटी प्रत्येक घरात नसते. त्यांच्या यंत्रालाही त्याच मापाची लागायची म्हणून होती. गोटीचा दांडा लांब करायला नळयोजनेतला उरलेला पाइप मिळाला. छिन्नी, हातोडा, तारेचा ब्रश, रॉकेल, फाटकं धोतर, बांधायची तार, असं सगळं मी ओटीवर मांडलं. वाडीत त्या आठवड्यात घरोघरी विळ्यांना धार लावली जात होती. मला वाटलं, माझीही ही कापणीच आहे. फक्त पीक वेगळं.

अविनाशना फोनवर सांगितलं तेव्हा ते घाबरले. "मी रविवारी येतो, तोवर थांब."

"रविवारच्या आधी गुरुवार आहे," मी म्हटलं.

मग त्यांनीही ताणलं नाही. "घोड्या लावल्याचा फोटो पाठव. तो बघितल्याशिवाय मला काम सुचणार नाही."

मंगळवारी सकाळी सुरुवात केली. मागच्या चाकांना दगड लावले. मधला नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा असतो, नाहीतर जोर लावताना गाडी घोडीवरून ढकलली जाते. नटाची चेपलेली कड छिन्नीने सरळ केली, गोटी बसवली, पाइप चढवला आणि लोंबकळले. काही नाही. पाइपवर उभी राहिले. माझ्या वजनाने त्या नटाला गुदगुल्याही होईनात. दुपारपर्यंत तळहातांना फोड आले. दत्ताभाऊ जेवायला घरी आले होते, ते उठून आले, माझ्या शेजारी पाइपवर पाय ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, मोजून एकदम." दोघांनी एकदम जोर दिला. बंदुकीसारखा आवाज झाला. मला वाटलं पाइप तुटला. नट फिरला होता.

त्या आवाजाने आई बाहेर आल्या. सोमवारपासून त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. जेवायला बोलावलं तरी नको म्हणायच्या. आता ओटीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"काय मोडलंस गो?"

"मोडलं नाही आई, सुटलं."

त्या बसल्या. उठून परत आत गेल्या नाहीत. गाडी घोडीवर चढवली, फोटो मुंबईला गेला, चाक निघालं, ब्रेकचा जबडा निघाला. तो ब्रेकच्या तेलाच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो म्हणून तारेने वर बांधून ठेवला. मी एकेक बोल्ट काढून मागे ठेवत होते आणि ते मातीत घरंगळत होते. थोड्या वेळाने मागे हात नेला तर हाताला सूप लागलं. आई खाली उतरून आल्या होत्या. सुपात त्यांनी बोल्ट ओळीने लावले होते, जे आधी निघाले ते डावीकडे.

"उलटं लावत जायचं ना मग? म्हंजे ह्यापासून?" त्यांनी उजवीकडच्या शेवटच्या बोल्टवर बोट ठेवलं.

"हो, बरोबर तिथून."

"मंग इथं मातीत का फेकतेस?"

चाकामागचा जो जाड ओतीव लोखंडी तुकडा असतो, ज्याच्या पोटात बेअरिंग बसलेलं असतं, तो संध्याकाळच्या आत सुटून ओटीवर आला. बेअरिंगला आत अडवून धरणारी लॉकची कडी काढली. आटे पाडलेला रॉड आरपार घातला, दोन्ही बाजूंना चकत्या लावल्या आणि नट आवळत गेले. जुनं बेअरिंग कुरकुरत, गंज ओकत बाहेर आलं. आतल्या गोळ्या मातकट पाण्यात बसल्या होत्या. आईंनी ते फडक्याने उचललं, कानाशी नेऊन फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. ती आमची पहिली जीत.

दुसऱ्या दिवशी हरण्याची वेळ आली. पोकळी रॉकेलने धुऊन, ब्रशने घासून लख्ख केली. नवं बेअरिंग तोंडावर ठेवलं आणि त्याच रॉडने आत ओढायला लागले. थोडं गेलं आणि अडलं. नट आवळताना हाताला जोर लागत होता, पण तो चुकीचा जोर होता, हे मला खांद्यातून कळलं. थांबून पाहिलं तर बेअरिंग तिरकं झालं होतं. एक बाजू आत, एक बाहेर. तसंच रेटलं असतं तर बेअरिंग आणि तो ओतीव तुकडा दोन्ही फुटले असते, आणि दुसरं बेअरिंग येईपर्यंत गुरुवार निघून गेला असता. मी हत्यार खाली ठेवलं. इक्बालभाई फोन उचलत नव्हते. मला रडू येत होतं आणि आईंसमोर रडायचं नव्हतं.

आई जवळ येऊन बघत होत्या. म्हणाल्या, "घट्ट बांगडी चढवतात तसं कर."

"म्हणजे?"

"हात सैल करायचा. बांगडीशी भांडायचं नाय."

दरवर्षी मी आठवीच्या वर्गाला फळ्यावर गोळा आणि कडी काढून दाखवते. तापवलं की धातू प्रसरण पावतो, थंड केला की आकुंचन पावतो. प्रश्नपत्रिकेत विचारते, गुण देते. आणि ते समोर, माझ्याच ओटीवर, माझीच वाट बघत पडलं होतं. मी उलट्या बाजूने हलक्या हाताने ठोकत बेअरिंग बाहेर काढलं. त्याला काही झालं नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवलं, आणि जड तुकडा तापवायला काय घ्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेले. तिथे एकही भांडं एवढं रुंद नव्हतं.

"माळ्यावरचा टोप घे," आई म्हणाल्या.

तो टोप कापणीच्या माणसांसाठी भात शिजवायचा. सासऱ्यांनी मुंबईहून डोक्यावरून आणलेला, आई त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी म्हटलं, "आई, तेलकट होईल तो. ग्रीस लागेल."

"घासून घेईन मी. माणसं जेवायची हायत त्यात परवा."

परवा म्हणजे शुक्रवार. गुरुवारच्या पुढचा दिवस. मी त्यांच्याकडे बघितलं, पण त्या चुलीत फाटी सारत होत्या. त्यांनी स्वतः जाळ केला. पाणी उकळलं, त्यात लोखंड सोडलं, आणि आम्ही दोघी चुलीसमोर बसून राहिलो. पाण्यावर ग्रीसचे डोळे तरंगत होते. बाहेर दत्ताभाऊंचं यंत्र सुरू होतं. भुशाचा पिवळा धुरळा उन्हातून वाहत होता. कुणीच बोललं नाही आणि त्याचं ओझंही वाटलं नाही.

मग सगळं भराभर झालं. चिमट्याने लोखंड बाहेर, फडक्याने कोरडं. हातमोज्यातला हात चटकत होता. "आणा," मी म्हटलं. आईंनी फ्रीझरमधलं बेअरिंग पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं, बर्फासारखं. मी ते पोकळीच्या तोंडावर सरळ ठेवलं. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबलं. ते गेलं. माझा विश्वास बसेना इतकं सहज, स्वतःच्या वजनानं जावं तसं अर्ध्याच्या पुढे गेलं. रॉड घातला, चार-दोन आटे फिरवले आणि ते तळाला टेकलं. टेकल्याचा आवाज वेगळा असतो, भरीव, शेवटचा. लॉकची कडी पक्कडीने खाचेत सोडली. 'खट्'.

आईंनी वाकून बघितलं. बोट लावलं. "बसलं?"

"बसलं."

"सरळ हाय," त्या म्हणाल्या, आणि मला लग्नानंतर त्या घरात मिळालेल्या सगळ्या कौतुकांत ते सगळ्यात मोठं होतं.

दुपारभर उलट्या क्रमाने जोडत गेलो. आई सुपातून एकेक बोल्ट उचलून देत होत्या, मी मागायच्या आत. चाक जमिनीला टेकलं. शेवटी इक्बालभाईंच्या टॉर्क पान्याला दांडा लावून मधला नट आवळला. 'टक्' वाजलं तेव्हा मी जमिनीवरच बसले. नटाची कड छिन्नीने खाचेत चेपली. मग एकटीच गाडी घेऊन फाट्यापर्यंत गेले, पुलापर्यंत गेले, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. चाकांखाली खडी वाजत होती. एका झाडात सातभाई पाखरं कलकलत होती. गाडी चालू असताना मला सातभाई ऐकू आले, हे लक्षात आलं तेव्हा मी मोठ्याने हसले. रस्त्यावर ऐकायला कुणी नव्हतं. उतरून चाकाच्या मध्यावर हात ठेवला. नेहमीसारखं कोमट, भाजेल असं नाही.

घरी येता येता इक्बालभाईंचा फोन आला. मी फोन डॅशबोर्डवर ठेवून त्यांना आवाज ऐकवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मॅडम, गाडी सुरू करा ना."

"सुरूच आहे. चालतेय."

मग तेही हसले. "उद्या परत एकदा चाकाचे नट आवळा. आणि माझा हात बरा होईस्तोवर गिऱ्हाइकं तुमच्याकडे पाठवतो."

गुरुवारी सकाळी मी आईंना काही विचारलं नाही. त्याच तयार होऊन गाडीत येऊन बसल्या, पट्टा लावला. वाटेत भेटेल त्याला काच खाली करून सांगत होत्या, "सुनेनं चाक केलंय." महाडला नर्सला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना सांगितलं. त्या आजोबांनी माझे काळे झालेले हात बघून स्वतःच्या ट्रॅक्टरचं दुखणं काढलं. शुक्रवारी आमच्या खालच्या शेताची कापणी झाली आणि माणसं अंगणात जेवली.

त्यानंतर मी उजव्या बाजूचंही बेअरिंग बदललं, ते एका दिवसात. आता माझी स्वतःची गोटी आहे, स्वतःच्या घोड्या आहेत. कधीकधी कुणी विचारतं, एवढं अवघड काम तुम्हाला कसं जमलं. मला ते काम अवघड वाटलं होतं की नाही हेच आठवत नाही. आठवते ती चुलीपुढची शांतता, आणि जळता हात, आणि ते सहज आत जाणं. माणसाच्या आयुष्यात काही गोष्टी इतक्या नेमक्या बसतात, की पुढची कितीतरी वर्षं त्याला त्यांचा आधार पुरतो.

त्या कापणीच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मी कपडे वाळत घालत होते. आई बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं.

"चल."

"कुठे? आज डायलिसिस नाही आई."

"माहीत हाय. वर चल. घाटात."

आंबेनळीच्या पायथ्याशी सगळा जन्म काढलेली ती बाई, पण घाट नुसता बघायला म्हणून कधीच चढलेली नव्हती. आम्ही निघालो. दरडींवर सोनकीचा पिवळा रंग होता, वळणावळणाला हवा गार होत गेली. वरच्या एका वळणावर मी गाडी कडेला घेतली. आई कठड्याला टेकून खाली बघत राहिल्या. खोऱ्यात कापलेली शेतं चटईच्या चौकटींसारखी पसरली होती, मध्ये भाताच्या उडव्या, एवढ्याशा. आमचं घर त्यांनी माझ्या आधी ओळखलं.

"नदीकडचा तो आपला तुकडा," त्या हात करून म्हणाल्या, "ओल हाय अजून त्यात. वाल पेर यंदा."

"वाल? तुम्हाला चालणार नाहीत आई. डॉक्टर नाही म्हणतील."

"मला खायचेत कुठं? तुम्ही खा." त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. वारा जोरात होता. "माघात तयार होतील. मी बसून सोलीन."